सणासाठी कोरलेले ठसे

जपानमधली टपाल कार्यालयं 15 डिसेंबरपासून नववर्षाची शुभेच्छापत्रं घ्यायला लागतात. 25 तारखेपर्यंत पेटीत टाकलेलं पत्र राखून ठेवलं जातं आणि ऐन 1 जानेवारीला घरपोच होतं. या पत्राला तिथे नेंगाजो म्हणतात. एकेका घरातून अशी पन्नास-शंभर पत्रं सहज जात. इतक्या पत्रांवर तेच चित्र पुन्हा पुन्हा हाताने काढणं कोणाला जमणार? म्हणून बटाटा आडवा कापून त्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि पत्रामागून पत्र उमटवत जायचं, अशी पद्धत घरोघरी आणि शाळांमध्ये रुळली. पुढे बटाट्याच्या जोडीला खोडरबर आलं.

सणाचं आणि ठशाचं नातं या गरजेतून जुळलं, असं मला वाटतं. सणाला एकच वस्तू पुष्कळांना द्यायची असते आणि ती आपल्या हातची असावी अशी ओढही असते. छापखान्यातून ढीगभर प्रती मिळतात, पण त्यात आपला हात नसतो. कुंचल्यात हात असतो, पण दहाव्या कार्डाला तो थकतो. ठशाने दोन्ही साधतं.

ख्रिसमसच्या पहिल्या छापील कार्डाची गोष्टही याच अडचणीतून सुरू झाली. लंडनचे हेन्री कोल 1843 साली इतके कामात होते की प्रत्येक स्नेह्याला वेगळं पत्र लिहायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र करून घेतलं आणि शिळाछापाने सुमारे हजार कार्डं काढली. रंग मात्र प्रत्येक कार्डात हाताने भरले होते.

त्या मानाने रबराचा ठसा तरुण. चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक घालून ते तापवण्याच्या प्रक्रियेचं अमेरिकन पेटंट 1844 मध्ये घेतलं. त्या प्रक्रियेमुळे उन्हाने चिकट आणि थंडीने कडक होणारं रबर टिकाऊ झालं. 1860 च्या दशकात अमेरिकेत रबरी शिक्के बनू लागले. दातांच्या कवळ्यांसाठी दंतवैद्य जी छोटी तापवण्याची भांडी वापरत, त्यांतच सुरुवातीचे बरेचसे शिक्के तयार झाले. नंतर कितीतरी वर्षं हा ठसा कचेरीच्या टेबलावरच राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टपालातून चित्रांची देवाणघेवाण करणाऱ्या कलावंतांनी त्याला तिथून उचललं आणि त्यांच्यामागून घरगुती कार्डं करणाऱ्या बायकांनी. 1988 मध्ये सुरू झालेल्या स्टॅम्पिन अपसारख्या अमेरिकी कंपन्यांनी ख्रिसमस, ईस्टर, हॅलोविन, मातृदिन अशा दिवसांप्रमाणे ठशांचे संच घरोघरी पोहोचवले. तयार संचांबद्दल मला फारशी आपुलकी नाही. दुसऱ्याने कोरलेला भोपळा आपण नुसता उमटवायचा, यात अर्धा आनंद हातचा जातो.

पण या मंडळींनी रुळवलेली उठावाच्या ठशाची रीत मात्र शिकून घ्यावी अशी आहे. हळू वाळणाऱ्या शाईने ठसा मारायचा आणि ती ओली असतानाच तिच्यावर बारीक भुकटी टाकायची. कागद तिरका करून पाठीमागून टिचकी मारली की जादा भुकटी खाली पडते. ती गोळा करून परत डबीत भरायची. मग गरम हवेच्या यंत्राने कागद तापवायचा. केस वाळवायचं यंत्र इथे चालत नाही, कारण ते तापण्याआधीच भुकटी उडवून लावतं. काही क्षणांत मळकट दिसणारे कण वितळतात, एकमेकांत मिसळतात आणि चकचकीत, बोटाला लागणारी रेघ तयार होते. लग्नपत्रिकेवरची फुगीर अक्षरं पुष्कळदा याच तत्त्वावर छापलेली असतात.

जपानकडे पुन्हा वळायला हवं, कारण सणाचा ठसा तिथे जितका मुरला तितका मला आणखी कुठे दिसत नाही. नेंगाजोवर त्या वर्षाचा प्राणी असतो. बारा वर्षांचं चक्र आणि बारा प्राणी. 2011 साठी कोरलेला ससा जपून ठेवला असेल, तर तो 2023 मध्ये पुन्हा कामाला येतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, ते घर नेंगाजो पाठवत नाही, तर तसं कळवणारं साधं पत्र आधीच धाडतं. घरात दुःख झालं की वर्षभर सण न करणाऱ्या आपल्या माणसांना हे लगेच समजेल.

खोडरबराच्या ठशाला तिथे मोठी लोकप्रियता मिळाली ती नॅन्सी सेकी या लेखिकेमुळे. 1962 मध्ये जन्मलेल्या सेकी दूरचित्रवाणीवर सदरं लिहीत आणि त्यांच्या सोबत नामवंतांचे चेहरे खोडरबरावर कोरून छापत. 2002 मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आतच, त्या गेल्या. आज जपानी दुकानांत केवळ कोरण्यासाठी बनवलेलं खोडरबर मिळतं. त्याचा वरचा पातळ थर रंगीत आणि आतला भाग पांढरा असतो, त्यामुळे कुठे कापलं आणि कुठे राहिलं हे कोरतानाच दिसतं. नेंगाजो मात्र ओसरत चालली आहेत. 2004 च्या नववर्षासाठी जपानी टपालखात्याने सुमारे 446 कोटी पत्रं काढली होती. 2025 साठीची सुरुवातीची छपाई सुमारे 107 कोटींवर आली. पत्रं घटली की ती हाताने सजवण्याचं निमित्तही घटतं, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते.

आपल्याकडे ठसा कागदावर येण्याच्या कितीतरी आधी सणात होता. पोळ्याला आणि बेंदराला बैलाच्या पाठीवर रंगाचे गोल छाप उठतात. आषाढी एकादशीला माध्व परंपरेच्या मठांत शंख-चक्राच्या तापवलेल्या मुद्रा अंगावर घेतल्या जातात आणि एरवीही गोपीचंदनाच्या मुद्रा पितळी ठशांनी उमटवतात. गौरी येतात तेव्हाची पावलं पाहा. मूठ वळून तिची करंगळीकडची बाजू ओल्या पिठात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची की पावलाचा बाक उमटतो. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले की पाऊल पूर्ण होतं. डाव्या मुठीने डावं, उजव्या मुठीने उजवं. उंबऱ्यापासून गौरीच्या जागेपर्यंत ही रांग घालणाऱ्या बाईच्या हातातच ठसा असतो.

हा वारसा कार्डावर आणायला फार सामान लागत नाही. दसऱ्यापासून सुरुवात करावी. सोनं म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, त्याचं वाईट वाटणाऱ्यांनी हा उपाय करून पाहावा. एकच पान घ्यायचं, शिरांच्या बाजूने त्याला पातळ रंग लावायचा आणि कार्डावर ठेवून वरून रद्दीचा तुकडा दाबायचा. तेच पान बरीच कार्डं काढून देतं. पानाचे दोन्ही भाग सारखे असल्यामुळे उलट-सुलटची भानगड नाही, म्हणून नवशिक्याने कोरायलाही हाच आकार आधी घ्यावा.

संक्रांतीला काळा कागद शोभतो, पण साध्या पातळ शाईचा ठसा त्यावर दिसतच नाही. त्यासाठी दाट, अपारदर्शक पांढरी शाई हवी. पेन्सिलीच्या मागच्या रबराने त्या शाईचे ठिपके सलग देत गेलं की हलव्याच्या दागिन्यांची नक्षी तयार होते, आणि हे काम पाच वर्षांचं मूलही करतं. तिळगुळाच्या पाकिटाला आतून बटर पेपर लावावा, नाहीतर तिळाचं तेल बाहेर येऊन ठसा डागाळतो. आकाशकंदिलाच्या पतंगी कागदावर ठसे मारायचे असतील तर पणती भरीव नको, नुसत्या रेषेची कोरावी. आत दिवा लागल्यावर भरीव ठसा काळा डाग दिसतो. भेंडीचं फूल आणि कांद्याची वर्तुळं शाळेच्या ठसेकामात सगळ्यांनीच केलेली असतात, त्यांची ओळख करून द्यायला नको. वसई आणि गोव्यातल्या घरांना नाताळचा तारा पुरतो.

देवनागरी कोरणं मात्र जिकिरीचं, आणि मला सर्वांत प्रिय. 'शुभ दीपावली' ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने लिहायचं, कागद खोडरबरावर पालथा घालायचा आणि नखाने घासायचा. अक्षरं उलटी उतरतात, म्हणजे छापताना सुलटी येतील. पातं उभं न धरता अक्षरापासून बाहेर कललेलं धरावं, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि दाबाखाली ती मुडपत नाही. 'प' आणि 'व' यांच्या पोटातली पोकळी आधी काढावी, बाहेरचा भाग मागाहून. क्रम उलटा झाला की अक्षराला आधार उरत नाही. वेलांट्यांची कमान सर्वांत आधी तुटते, तेव्हा ती लेखणीपेक्षा जाड ठेवावी. शिरोरेषेचा इथे मोठा उपयोग होतो, कारण ती सगळा शब्द एका पट्टीत धरून ठेवते. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वर्गातल्या प्रत्येक मुलाने एकेक अक्षर कोरलं तर सगळ्या वर्गाची मिळून एक वर्णमाला तयार होईल. शाळांनी हे जरूर करावं.

कागद निवडताना हात लावून पाहावा. पाकळ्या घातलेला हातकागद सुंदर दिसतो, पण खडबडीत असल्यामुळे बारीक रेघ त्यावर तुटक येते. तिथे मोठे, भरीव आकार घ्यावेत. गुळगुळीत कागदावर दाट शाई रात्रभर सुकू द्यावी. दिवाळीची कार्डं टपालाने धाडायची असतील तर कोजागिरीपर्यंत ठसा कोरून झालेला असावा, कारण तिथून वसुबारसेपर्यंत जेमतेम बारा दिवस मिळतात. परदेशातल्या नातेवाइकांसाठी घटस्थापनेच्याही आधी कोरायला बसावं.