लांब पल्ल्याचं तट्टू

आषाढी वारीत तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीला आली की गोल रिंगण होतं. एका अश्वावर स्वार, दुसरा देवाचा म्हणून मोकळा. फेऱ्या संपतात आणि टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडते. बारामती-इंदापुरातल्या बहुतेकांच्या वाट्याला घोडा आता एवढाच येतो. फार तर वरातीत. ज्या भीमथडीच्या तट्टांचं नाव राजा बढे यांच्या गीतातून २०२३ मध्ये राज्यगीतात पोचलं, त्या मुलखाची ही गत आहे.

देशाचंही चित्र वेगळं नाही. २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास असलेले घोडे-तट्टू २०१९ मध्ये ३.४ लाखांवर आले. टांगे गेले, ओझी टेम्पोत चढली.

तरीही लांबचा पल्ला मारणारं तट्टू इथून पुरतं गेलेलं नाही. ते धनगरांच्या फिरत्या वाड्यावर आहे. पावसाळा सरला की बारामती, इंदापूर, फलटणकडचे मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. पुरुष मेंढरं हाकतात. बिऱ्हाड लादलेल्या घोड्यांचा कासरा बहुधा बाईच्या हातात. भांडीकुंडी, वाकळा, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, कधी लहान पोर, सगळं एका पाठीवर. तळ हलला की घोडं लादायचं, पुढच्या तळावर उतरवायचं. रात्री ज्याच्या शेतात मेंढरं बसतील तो खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. बुटक्या, काटक जनावराने मिळेल तो पाला खाऊन घाट चढायचा. जोखणारा कोणी नाही, म्हणून या चालीला कुणी क्रीडा म्हणत नाही.

परदेशात मात्र अशा लांब चालीची क्रीडा झाली आहे. कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप भरतो: डोंगरातून शंभर मैल, चोवीस तासांच्या आत. अशा शर्यतींत ठरावीक टप्प्यांवर पशुवैद्य घोड्याची नाडी पाहतात. ती वेळेत उतरली नाही, घोडा लंगडला, तर स्वार बाद. अमेरिकेतल्या या खेळाच्या संघटनेचं ब्रीदच ‘पूर्ण केलं म्हणजे जिंकलं’ अशा अर्थाचं आहे. केरळच्या निदा अंजुम चेलाटने २०२३ मध्ये फ्रान्समधल्या युवा जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर पुरे केले तेव्हा भारतात या खेळाकडे थोडं लक्ष गेलं. पण ही हौस महाग आहे. घोडा, तबेला, खुराक, प्रशिक्षक, वाहतूक. पगारदार माणूस पहिल्याच हिशेबात मागे फिरतो.

मग माणसं का निघतात? पैशापेक्षा जनावराशी जुळणाऱ्या लयीसाठी, असं वाटतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी माउलींच्या वारीसाठी सुमारे तीनशे किलोमीटर चालत आळंदीला येतात. गाडीत घालून ते एका दिवसात पोचले असते. पण चालत येणं हीच सेवा. धनगरणीला असली निवड नाही. तिचं तट्टू थांबलं तर संसार थांबतो. हौस, श्रद्धा आणि पोट यांतलं शेवटचंच सर्वांत भरवशाचं ठरलं. भीमथडीची जात आजवर टिकली ती सरदारांच्या पागेत नव्हे, या वाड्यांवर.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, हे चांगलंच झालं. मात्र कागदावर जात वाचली तरी रानात ती चरायला हवी. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला तसे पडीक माळ आटले, रस्त्यांवर डंपर आले आणि मेंढपाळांच्या पुढच्या पिढीला हा व्यवसाय नकोसा झाला. अंतराच्या शर्यती भरवायच्याच असतील तर त्या याच तट्टांच्या भराव्यात, आणि बक्षीस वेगाला नव्हे, शेवटी शांत उतरलेल्या नाडीला असावं.

पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्ग चौपदरी करताना वारकऱ्यांसाठी बाजूने पायवाटा योजल्या गेल्या. वारीचे दिवस सोडले तर त्यांना फारसं काम नाही. त्या वाटा धनगरांच्या तांड्यांना खुल्या ठेवाव्यात, जागोजाग पाण्याचे हौद बांधावेत. आणि तोवर गाडी चालवणाऱ्यांनी लादलेलं घोडं दिसलं की हॉर्न न वाजवता वेग कमी करावा.