तीन पायांच्या कुत्र्याचा जखमी पंजा

स्मरणिकेत कुत्र्याच्या पायावर लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज शेतवस्तीवर, महामार्गालगतच्या गावात किंवा शहरातील चाळीत राहतात, आणि अशा ठिकाणी तीन पायांवर उड्या घेत चालणारे एखादे कुत्रे बहुधा पाहण्यात येतेच. कोणाचा पाय वाहनाखाली गेलेला असतो, कोणाचा गवत कापण्याच्या यंत्रात, तर कोणाची साधी जखम दुर्लक्षामुळे सडून पाय काढावा लागलेला असतो. ते कुत्रे जगते, रुळते, घराचे राखण करू लागते. मग एके दिवशी उरलेल्या तीनांपैकी एका पंजात काच शिरते. घरची माणसे म्हणतात, चाटून बरे होईल. चार पायांच्या कुत्र्याच्या बाबतीत ते कधीकधी खरेही ठरते. तीन पायांच्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र ती जखम केवळ पंजाची राहत नाही. ते उभे राहील की नाही, हा प्रश्न तिच्याबरोबर येतो.

तीन पायांची तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, हे सर्वांनी पाहिले आहे. तिचा एक पाय काढा, ती पडते. कुत्र्याचे तसेच आहे, आणि भार कसा वाटला जातो हे समजून घेतले की पुढची सारी शुश्रूषा आपोआप कळू लागते.

चार पायांचे कुत्रे स्वस्थ उभे असताना वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या दोन पायांवर आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर असतो. कुत्रे २० किलोचे असेल तर पुढच्या एकेका पायावर ६ किलो, मागच्या एकेका पायावर ४ किलो. पुढचा एक पाय गेल्यावर उरलेल्यावर १२ किलो येतील असे आपण कागदावर मांडू; पण कुत्रे त्याहून शहाणपणाने वागते. उरलेला पाय ते छातीच्या मध्याखाली आणते, मागच्या पायांवर अधिक रेलते आणि त्या एका पायावरचा भार साधारण ९ किलोंवर राखते. मागचा पाय गेला असेल तर उलट घडते: भार पुढे सरकतो आणि मागच्या एकुलत्या पायावर ५ किलोंच्या आसपास राहतो. म्हणून जखम पाहण्याआधी कोणता पाय गेला आहे आणि कोणता दुखावला आहे, हे पाहावे. गेलेल्या पायाच्या जोडीदारालाच इजा झाली असेल, त्यातही तो पुढचा असेल, तर ती सर्वांत अवघड अवस्था समजावी.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. तीन पायांच्या कुत्र्याला धावण्यापेक्षा सावकाश चालणे कठीण जाते. धावताना त्याची लय जमते. सावकाश चालताना प्रत्येक पावलाला तोल सावरावा लागतो आणि ते काम ते मान व डोके वरखाली करून भागवते. ‘हळूहळू फिरवून आणतो’ असे आपण दयेने म्हणतो, तेव्हा आपण त्याला अधिक कष्टाचे काम सांगत असतो.

आता पंजाकडे वळू. कुत्रे टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालते. प्रत्येक बोटाखाली एक गादी आणि त्यांच्या मागे एक मोठी गादी असते. गादीची कातडी जाड व खरखरीत, तिच्या आत चरबीचा थर आणि भरपूर रक्तपुरवठा. त्यामुळे लहान कापही पुष्कळ वाहतो आणि पाहणारा घाबरतो. खरी अडचण वेगळीच आहे: पाऊल टेकताच गादी पसरते आणि जखमेच्या कडा एकमेकींपासून दूर ओढल्या जातात. चार पायांचे कुत्रे असा पाय उचलून धरते व जखमेला विसावा देते. तीन पायांच्या कुत्र्याला ती मुभा नाही. उथळ कापही त्याला दोन आठवडे सतावतो. खोल कापाला टाके पडले तरी ते उसवण्याची भीती असते.

प्रथम रक्त थांबवावे. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर धरून पाच ते दहा मिनिटे दाबावी. दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहू नये. वेदनेने कळवळणारे कुत्रे मायेच्या माणसालाही चावते, तेव्हा पट्टीची सैल गाठ त्याच्या तोंडाभोवती घालून टोके कानांमागे बांधावीत. मात्र तोंड बांधलेल्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करता येत नाही, म्हणून हे काही मिनिटांपुरतेच; ते ओकत असेल किंवा त्याला धाप लागली असेल तर मुळीच नाही. अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ विरघळवून त्याची धार जखमेवर धरावी. वर दिसणारी काच किंवा काटा चिमट्याने काढावा. खोल रुतलेला असेल तर तो पशुवैद्यासाठी ठेवावा. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले की, त्याने पुसून घ्यावे.

जखमेत काय घालू नये याची यादी आपल्याकडे मोठी आहे. चुना, तंबाखू, रॉकेल, जळके ऑइल, फिनेल, सगळे घालून पाहिले जाते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतल्याने नव्याने भरू पाहणारे मांसही जळते. हळदीविषयी घराघरांत श्रद्धा आहे आणि तिला आम्ही विष म्हणणार नाही; पण हळदीचा जाड लेप दिला की खाली पू झाला आहे की नाही ते दिसत नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कदापि देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात; पॅरासिटामॉलही त्याच्या यकृताला घातक ठरू शकते. (डायक्लोफिनॅक जनावरांना देण्यास भारतात २००६ मध्ये बंदी झाली ती गिधाडांसाठी; त्या औषधाचा अंश असलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडे संपत चालली होती.) वेदना कमी करणारी औषधे कुत्र्यांसाठीही आहेत, पण मात्रा वजनावरून पशुवैद्यानेच ठरवावयाची असते. तीन पायांच्या कुत्र्याला अशा औषधाची गरज अधिक, कारण दुखत असतानाही त्याला तो पाय टेकणे भाग असते.

पट्टी बांधणे ही कला आहे आणि ती शिकता येते. आधी बोटांच्या फटींत कापसाच्या पातळ वाती ठेवाव्यात, म्हणजे घामाने व ओलीने कातडी कुजत नाही. जखमेवर न चिकटणारे गॉझ, त्यावर कापसाचा थर, त्यावर पट्टी. पट्टी बोटांकडून वर न्यावी; प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर यावा. मधल्या दोन बोटांची नखे उघडी ठेवावीत आणि दिवसातून दोनदा पाहावीत. ती एकमेकांपासून फाकली, बोटे सुजली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट झाली आहे, तत्काळ सोडावी. ताणाची पट्टी आवळून बांधल्याने रक्त थांबून पंजाच गमावल्याची उदाहरणे घडतात, आणि येथे पंजा गमावणे परवडणारे नाही. पट्टी एक-दोन दिवसांनी, आणि ओली झाल्यास लगेच, बदलावी. बाहेर नेताना वर प्लास्टिकची पिशवी घालावी व परत येताच काढावी. एवढे झाल्यावर तळाशी खरखरीत कापडाचा किंवा जुन्या सायकल-ट्यूबचा तुकडा बसवावा. गुळगुळीत पट्टीने चार पायांचे कुत्रे घसरते. तीन पायांचे पडते.

चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखा प्लास्टिकचा कॉलर घालण्याची पद्धत आहे. तो आवश्यक आहे, कारण सतत चाटण्याने जखम ओली राहते व टाके तुटतात. परंतु वर सांगितल्याप्रमाणे हे कुत्रे डोक्याने तोल सांभाळते. मोठा शंकू उंबऱ्याला, पायरीला अडकला की ते तोंडावर आपटते. शंकू शक्य तितका आखूड घ्यावा, किंवा तोंड जखमेपर्यंत पोहोचत नसल्यास गळ्याभोवती कापडाचे जाड वेटोळे चालते. चालवताना, आपले लक्ष असताना, तो काढून ठेवावा.

जमिनीचा विचार औषधाइतकाच महत्त्वाचा. नव्या घरांतील चकचकीत टाइल्स ही अशा कुत्र्याची मोठी वैरीण. खरखरीत शहाबादी फरशी बरी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय उत्तम रोवतो, पण उघडी जखम तिला लागू देऊ नये. आमच्या आवारात काही वर्षे असे एक कुत्रे होते. मुले त्याला ‘तिपाई’ म्हणत. त्याचा पुढचा पंजा कापला तेव्हा मुलांनी जेवणघराच्या ओट्यापासून झाडाखालच्या मातीपर्यंत गोणपाटाची सलग वाट अंथरली होती. पशुवैद्यांनी औषधाच्या चिठ्ठीपेक्षा त्या वाटेचेच कौतुक अधिक केले. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याचे अन्नपाणी छातीच्या उंचीवर, विटांवर ठेवावे. खाली वाकताना सारा भार एकुलत्या पुढच्या पायावर येतो.

उठवताना आधार द्यावा. जुन्या लुगड्याची किंवा टॉवेलची रुंद पट्टी, मागचा पाय गेला असेल तर पोटाखालून, पुढचा गेला असेल तर छातीखालून घालून वरून धरावी. कुत्र्याला उचलून न्यावयाचे नाही. त्याच्या वजनाचा थोडा भाग आपण घ्यावयाचा, चालणे त्याचेच राहू द्यावे. नर असेल तर लघवीच्या जागेवर पट्टी दाबली जात नाही ना, ते पाहावे. लघवीस दिवसातून चार-पाच वेळा न्यावेच. दुखते म्हणून कुत्रे उठत नाही, उठत नाही म्हणून लघवी तुंबते किंवा अंथरुणात होते, कातडी भाजते, कोपरांना घट्टे पडून फुटतात; काच लागलेले कुत्रे पुढे या गोष्टींनीच खचते. अंथरूण जाड असावे आणि पडून राहणाऱ्या कुत्र्याची कूस दर तीन-चार तासांनी बदलावी. विश्रांतीच्या काळात भाकरी व भात थोडा कमी करावा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. वाढलेला प्रत्येक किलो त्या तीन पायांनाच वाहावा लागतो.

पावसाळ्यात माश्यांचे भय मोठे. उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात. दुर्गंधी आली, जखमेत हालचाल दिसली, की घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठावा.

वसतिगृह चालविणाऱ्या आम्हांस पुढचा मुद्दा सर्वांत गंभीर वाटतो. जखम दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याने झाली असेल, किंवा ती कशाने झाली हे ठाऊक नसेल, तर रेबीजचा विचार आधी करावा. तिपाईला दरवर्षी लस दिली जात असे, आणि तरीही पट्टी बदलताना मुलांना हात लावू दिला जात नसे. मोठी माणसे, हातमोजे घालून. कुत्रे चावले, किंवा त्याची लाळ आपल्या ओरखड्यावर लागली, तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दयाबुद्धीने उपचार करणाऱ्यानेही हे विसरू नये.

पशुवैद्याकडे केव्हा जावे? दाबूनही रक्त थांबत नसेल, गादी आरपार चिरली असेल, दोन दिवसांत पाय टेकत नसेल, खाणे सुटले असेल, तर विलंब नको. नाकाला हात लावून ताप कळत नाही. गुदद्वारातून घेतलेले तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असेल तर ते कुत्र्यासाठी स्वाभाविक आहे, माणसाच्या मापाने ते ताप वाटते एवढेच. तालुक्याला शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत सोय आहे.

अशा वेळी कोणीतरी म्हणतेच, आधीच तीन पाय, त्यात हे. एकदाचे इंजेक्शन देऊन मोकळे करा. असाध्य वेदनेत तोही निर्णय करुणेचाच असू शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण तीन पाय हे त्याचे कारण होऊ शकत नाही. पाय गेल्यावर बहुतेक कुत्री काही आठवड्यांत नव्या चालीला सरावतात, आणि पंजाची जखम भरून येणारी असते. प्रश्न विचारावयाचा तो एवढाच: वेदना आवरता येते का, ते खाते का, आपण हाक मारल्यावर शेपूट हलते का?

जखम भरल्यावर नवी गादी गुलाबी व नाजूक असते. पहिले दोन-तीन आठवडे माती व गवतावरच फिरवावे, तेही पाच-सात मिनिटे, पण दिवसातून अनेकदा. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही. पडून राहिल्याने नखे वाढलेली असतात, ती कापून घ्यावीत, कारण लांब नखांमुळे बोटे वाकडी टेकतात. आणि गोणपाटाची वाट लगेच उचलू नये. कुत्रे स्वतःहून तिच्या कडेने, उघड्या जमिनीवरून जाऊ लागले की मग ती गुंडाळून ठेवावी.