माळ्याची शिडी टेकवू नका, बांधून घ्या

जिंतूर : सोयाबीनची रास घरी आली की पहिला प्रश्न भावाचा आणि दुसरा जागेचा. 2021 च्या ऑगस्टात याच सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा भाव पाहिला. 2024 च्या हंगामात हमीभाव होता 4,892 रुपये आणि मोंढ्यात बोली त्याच्याही खाली होत होती. अशा वेळी शेतकरी काय करणार? थांबणार. आता थांबायचं म्हणजे माल घरात ठेवायचा. खाली माणसं, खताच्या गोण्या, फवारणीचा पंप, शिवाय पाहुणेरावळे. मग कट्टे जातात वर, माळ्यावर.

माळ्यावर जायला शिडी असते. काही म्हातारी माणसं तिला निसण म्हणतात. ही शिडी कोणी केली, किती साली केली, ती वर कशाला टेकते आणि खाली कशावर उभी आहे, याची चौकशी घरात कोणी करीत नाही. बैलाच्या पायातला काटा आपण वाकून पाहतो, मोटारीची वायर महिन्याला तपासतो. शिडी मात्र दिसते ती माणूस पडल्यावर.

माझे थोरले चुलते चौथ्या दांडीवरून पडले. छतावरून नाही, माळवदावरून नाही, जमिनीपासून जेमतेम चार फुटांवरून. खुब्याचं हाड मोडलं. परभणीला नेलं, ऑपरेशन झालं, तीन महिने खाटेवर गेले. ऐन तूर काढणीत घरातला एक माणूस त्यांच्यापाशी अडकला तो वेगळाच. सगळ्यांनी शिडीला शिव्या दिल्या. जुनी झाली होती, मोडून चुलीत घाला म्हणाले.

गावातल्या सुतारमामांनी मात्र ती शिडी आडवी टाकून नीट पाहिली. दांड्या हलवून पाहिल्या, खांडाच्या कडेला नख लावून पाहिलं. म्हणाले, "शिडी चांगली हाये. सागाची हाये, आणखी वीस वर्सं जाईल. तुम्ही खालची जमीन बदलली, वरची दोरी सोडली. मग ती उभी ऱ्हाणार कोणाच्या जीवावर?"

मग उलगडा झाला. आमच्या घरात पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती. शिडीचे दोन पाय वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून तिथं आपोआप दोन खळगे पडले होते. त्या खळग्यांनी शिडी धरून ठेवली होती. वरच्या अंगाला आजोबांनी तुळईला काथ्याची दोरी बांधलेली होती. लग्नाच्या आधी घरात शहाबादी फरशी बसवली, खळगे बुजले. रंग द्यायला म्हणून शिडी ओसरीवर नेली, दोरी सोडली, ती पुन्हा कोणी बांधली नाही. त्यात कट्टा फाटून सोयाबीनचे चार दाणे खाली सांडलेले. गुळगुळीत फरशीवर सोयाबीनचा दाणा म्हणजे पायाखाली छर्राच. शिडीचा पाय सरकला आणि चुलते खाली आले.

हे लिहायचं कारण असं की जिंतूर तालुक्यात हीच गोष्ट घरोघर घडायच्या बेतात आहे. चारठाणा, बोरी, बामणी या बाजूला अजून माळवदाची जुनी घरं आहेत. पण खालची जमीन बदलली, फरशी आली, कुठं टाइल्स आल्या. शिडी तीच राहिली. जुन्या घरात जुन्या शिडीला जो आधार होता तो आपण काढून घेतला आणि ते आपल्या ध्यानातही आलं नाही.

सुतारमामांनी केलं ते असं. आमचा माळा आठ फुटांवर. त्यांनी शिडीचा पाय भिंतीपासून बरोबर दोन फूट धरला. हिशेब सोपा : उंची चार फूट तर पाय एक फूट बाहेर. यापेक्षा उभी ठेवली तर माणूस पाठीमागं उलथतो, यापेक्षा जास्त निजवली तर पाय सरकतो. टेप नसली तरी चालतं. शिडीच्या पायाला आपल्या पायाची बोटं लावून ताठ उभं राहायचं, हात समोर सरळ करायचे. खांद्याच्या उंचीची दांडी तळव्याला लागली म्हणजे उतार बरोबर.

खाली फरशीचा एक तुकडा काढून त्यांनी घडीव दगड बसवला आणि त्यात पाथरवटाकडून शिडीच्या पायाच्या मापाच्या दोन खोबण्या पाडून घेतल्या. म्हणजे आजोबांच्या काळचे खळगेच परत आले, फक्त दगडात. ज्यांच्याकडं सिमेंटचा कोबा आहे त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा तुकडा कापून तो बोल्टने कोब्यात पक्का करावा, शिडीचा पाय त्याला अडला पाहिजे. जुन्या टायरचा तुकडा पायाखाली ठोकला तर चांगलंच, पण नुसत्या टायरवर विसंबू नये. धूळ बसली की रबरही सरकतं.

वर तुळईला त्यांनी आरपार बोल्ट मारून लोखंडी नळी आडवी बसवली आणि शिडीला लोहाराकडून वळवून आणलेले दोन आकडे लावले. आकडे नळीवर अडकतात. शिडी बाजूला करायची झाली तर उचलून काढता येते, पण आपोआप सरकत नाही, फिरतही नाही. खिळे मारून भागवू नका असं त्यांनी दोनदा बजावलं. खिळा रोजच्या हेलकाव्याने सैल होतो आणि तो सैल झाल्याचं दिसत नाही. दुसरं, आकडा अडकवायचा तो तुळईला किंवा जाड सराला. किलचनाला नाही, मातीच्या भिंतीला तर नाहीच. माळवदाच्या घरात वाळवी बहुतेक भिंतीत घुसलेल्या टोकाकडून लाकूड खाते, म्हणून बोल्ट मारण्याआधी तुळई ठोकून बघावी. पोकळ आवाज आला तर शिडीचं काम थांबवून आधी तुळईचं पाहावं.

तिसरी गोष्ट आम्हाला सुचलीच नसती. शिडी माळ्याच्या काठापाशी संपत होती. चढताना हे जाणवत नाही. उतरताना मात्र माणसाला काहीच न धरता, पाठमोरं होऊन, अंधारात पायाने पहिली दांडी चाचपावी लागते. बायामाणसांना तर लुगड्याचा, साडीचा घोळ सांभाळत. नव्याने करायची असेल तर शिडी काठाच्या वर तीन फूट निघाली पाहिजे. आठ फुटांच्या माळ्याला म्हणजे सव्वाअकरा फुटांची शिडी लागली. आमची जुनी आखूड होती, म्हणून त्यांनी माळ्यावर काठाशी दोन्ही बाजूंना धरायला उभे दांडे बसवले. तोंडाच्या बाकी तीन बाजूंना कमरेइतका कठडा केला. पोरं वर खेळायला जातात, खेळता खेळता मागं सरकतात.

माळ्याचं तोंड अरुंद आहे म्हणून काही जण मधला सर कापून मोठं करतात. हे मिस्तऱ्याला विचारल्याशिवाय करू नये. सर कापला की त्याच्यावरचा भार जातो कुठं? शेजारच्या दोन सरांवर. त्यांना जोडणारं आडवं लाकूड दोन्ही अंगांनी घातलं नाही तर एक दिवस सगळा खण खाली येतो. भाराचा हिशेबही एकदा करून पाहावा. पन्नास किलोचे चाळीस कट्टे म्हणजे वीस क्विंटल, दोन टन. माळवदावर मातीचं ओझं आधीच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडं मातीच्या जड छतांनी काय केलं ते मराठवाड्याने पाहिलं आहे. कट्टे मध्यभागी ढीग करून न लावता भिंतीकडेने, तुळयांच्या टेकांजवळ लावावेत.

आता ओझ्याचं. कट्टा पाठीवर घेऊन शिडी चढणं हा आपल्याकडं मर्दपणा समजला जातो. शिडीवर दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम टेकलेले पाहिजेत. पाठीवर कट्टा घेतला की हात कट्ट्यात गुंततो, उरतात दोन पाय, आणि एक पाय उचलला की एकच. त्यापेक्षा वरच्या तुळईला गडगडी बांधा. विहिरीवरची जुनी असते, चालते. खाली दोघं दोर ओढणारे, वर एक जण कट्टा आत घेणारा, आणि कट्ट्याच्या खाली कोणी नाही. दिवसाला कट्टे थोडे कमी चढतील.

माळ्यावर दिव्याची सोय आणि बटण खाली, शिडीपाशी, हवं. लोखंडी शिडी असेल तर उघड्या वायरचे जोड आधी बंद करून घ्या. आणि धान्यात सेल्फॉसच्या गोळ्या टाकून माळा बंद करण्याची सवय कृपा करून सोडा. तो वायू हवेपेक्षा जड असतो. माळ्यावर टाकलेली गोळी त्याच तोंडातून खाली, झोपलेल्या लेकरांपर्यंत उतरते.

नव्या घरांचंही फार वेगळं नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या घरकुलाला सपाटीवरच्या भागात मूळ अनुदान 1 लाख 20 हजारांचं, घर किमान 25 चौरस मीटरचं. त्या पैशात स्लॅब पडतो, जिना पडत नाही. मग मिरच्या, डाळी वाळवायला बाई बांबूची शिडी लावून स्लॅबवर जाते. स्लॅबला वर आकडा अडकवायला काहीच नसतं. स्लॅब टाकतानाच कडेला सळईच्या दोन कड्या सोडून ठेवल्या तर खर्च नगण्य आहे. घरकुलाची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी आणि ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) एवढं जाता जाता सांगितलं तरी पुष्कळ होईल. सांगता सांगता गावाच्या पाण्याच्या टाकीची शिडीही पाहून घ्यावी. टीसीएल पावडर टाकायला त्या गंजक्या दांड्यांवर रोज चढतो तो त्यांचाच माणूस असतो.

पडल्यावर सरकार काय देतं हेही माहीत असावं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेला अपघात बसतो. मृत्यू झाला किंवा दोन अवयव, दोन डोळे निकामी झाले तर दोन लाख, एक अवयव वा एक डोळा गेला तर एक लाख. 2023 पासून यात विमा कंपनी नाही, प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो. सातबारा, पोलिसांचा कागद आणि दवाखान्याचे कागद दुखवट्याच्या गडबडीत राहून जातात, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच ते सांभाळावेत. चुलत्यांना मात्र काही मिळालं नाही. हाड मोडलं, अवयव गेला नव्हता. दवाखान्याचा खर्च बियाण्याला ठेवलेल्या पैशातून झाला.

सुतारमामांचं काम दीड दिवसात उरकलं. लाकूड जुनंच, नवीन लागले ते बोल्ट, नळी, आकडे आणि दगडाचा ठोकळा. चुलते आता काठी टेकत हिंडतात, वर चढत नाहीत. पण खाट त्यांनी मुद्दाम शिडीच्या समोर मांडून घेतली आहे. कोणी पाठ करून उतरायला लागलं की तिथूनच ओरडतात, "तोंड शिडीकडं कर रे, गाढवा!"