५५५५ क्रमांकाचं दार

बारामती-इंदापूरच्या उसाला पाणी कधी, खत किती, याचा सल्ला आता मोबाइलवर येऊ लागला आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रकल्पानंतर तर फोन शेतीच्या अवजारांतच जमा झाला. याच अँड्रॉइड फोनमध्ये प्रोग्रामरसाठी एक साधन असतं : अँड्रॉइड डिबग ब्रिज, म्हणजेच एडीबी. त्यातून संगणक फोनला थेट हुकूम देतो, ॲप टाकतो, काढतो, चुका हुडकतो.

केबलने जोडताना धोका कमी. अँड्रॉइड ४.२.२ पासून (२०१३) फोन अनोळखी संगणकाबद्दल आधी परवानगी विचारतो. गोची झाली ती नेटवर्कवर. काही उत्पादकांनी टीव्ही बॉक्स आणि फोन विकताना एडीबी चालूच ठेवलं, तेही ५५५५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, आणि पासवर्डशिवाय. हा निव्वळ आळस, दुसरं काय! फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘एडीबी.मायनर’ नावाचा किडा या वाटेने घुसला. एका यंत्रातून दुसऱ्यात पसरत त्याने ‘मोनेरो’ हे आभासी चलन काढायला सुरुवात केली. झळ मुख्यतः चीन आणि दक्षिण कोरियाला बसली.

सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’ सात वेळा दाबला की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. व्हिडिओ पाहून कुणी ते उघडले असतील, तर ‘यूएसबी डिबगिंग’ आणि ‘वायरलेस डिबगिंग’ बंद करावं. स्वस्त टीव्ही बॉक्सही तपासावा. त्याच्याकडे कुणी बघतच नाही. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करावा.