बँकॉकचा राजवाडा बघायला जाताना

महडला वरदविनायकाच्या गाभाऱ्यात जाऊन आपण स्वतःच्या हातांनी पूजा करतो. बँकॉकच्या देवळांची शिस्त वेगळी. खालापूर-कर्जतहून तिकडे सहलीला निघालेल्या बायकांसाठी ती आज आम्ही सांगतो.

राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो. उन्हाच्या आधी पोहोचा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून पंजाबी ड्रेस सोयीचा. बिनबाह्यांचं काही घालू नका. दाराबाहेर कुणी गोड बोलून "आज वाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो" म्हणाला, तर त्याच्या रिक्षात बसू नका. असे लोक खड्यांच्या दुकानात नेऊन महागडे खडे गळ्यात मारतात. वाडा उघडा आहे की नाही, हे तिकीट खिडकीवरच विचारा.

१७८२ साली या वाड्याचं बांधकाम सुरू झालं. आत हिरव्या दगडाची बुद्धमूर्ती आहे. ऋतू बदलला की राजा तिची वस्त्रं बदलतो, वर्षातून तीनदा. भोवतीच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे. आपला शेंदरी मारुती तिथे पांढरा दिसतो!

जवळच वाट फो देवळात पहुडलेला बुद्ध आहे. लांबी ४६ मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या चार एसटी गाड्यांएवढी. चपला बाहेर काढा. बसताना पाय मूर्तीकडे करू नका.

भिक्षूंना बाईने हात लावायचा नसतो. वाईट वाटून घेऊ नका, ते त्यांचं व्रत आहे. दुरून हात जोडा. तिथली माणसंही तसाच नमस्कार करतात.