टॉवरच्या टोकावरचा वारा



संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना तुम्ही पाहिलेच असेल. खाली पतंग उचलत नाही, ठुमके देऊन हात दुखतो. पण एकदा तो घरांच्या वर गेला की दोर आपोआप ओढू लागतो. जमिनीजवळचा वारा घरे-झाडे यांना अडखळत चालतो, वर त्याला अडवणारे कोणी नाही. मोकळ्या मैदानावर 10 मीटर उंचीवर ताशी 10 किलोमीटर वारा असेल, तर 300 मीटरवर तो दिवसा साधारण 16 असतो. मुंबईचा वरळीचा दूरदर्शन टॉवर एवढाच उंच आहे.

अशा टॉवरवरून पॅराशूट बांधून उडी घेणारे लोक जगात आहेत. या खेळाला 'बेस' म्हणतात. इमारत, अँटेना, पूल आणि कडा यांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरे. हे नाव रूढ करणारा अमेरिकन कार्ल बोएनिश 1984 मध्ये नॉर्वेतील कड्यावरून उडी घेताना मरण पावला. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर 2400 फुटांवरून उडी घेतली, ती हेलिकॉप्टरमधून. ती उंची वरळीच्या टॉवरच्या दुपटीहून जास्त. आकाशातून उडी घेणाऱ्याजवळ राखीव पॅराशूट असते. टॉवरवाल्याजवळ बहुधा एकच, आणि 3 सेकंदांत तो सुमारे 44 मीटर खाली आलेला असतो.

म्हणून त्याचा पहिला प्रश्न वारा किती हा नसून कुठून कुठे, हा असतो. वारा पाठीकडून हवा, म्हणजे उघडलेले पॅराशूट टॉवरपासून दूर जाईल. पॅराशूट कधी कधी उलट्या दिशेला तोंड करून उघडते. तेव्हा समोरून वारा असेल तर माणूस थेट लोखंडावर आपटतो. उंच, सडपातळ टॉवरला बहुधा तीन दिशांना ताणाच्या तारा असतात. वारा पाठीकडून असून तारांकडे नेणारा असला, तरी उडी रद्द. जाणकार आधी वरून कागदाची हलकी पट्टी सोडतात आणि ती कुठे वाहते ते पाहतात. मधल्या थरात ती वळली, तर तिथला वारा वेगळा आहे.

सर्वात फसवी वेळ शांत रात्रीची आणि पहाटेची. आपल्या शबे-मालव्याचेच उदाहरण घ्या. सूर्य मावळल्यावर जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसून राहते. झाडाचे पान हलत नाही. पण वरच्या हवेचा जमिनीशी संबंध सुटतो, अडथळा संपतो आणि 200-300 मीटरवर वारा दिवसापेक्षाही जोरात वाहू शकतो. खाली उभा असलेला सोबती "वारा नाही" म्हणतो, ते त्याच्यापुरते खरेच असते! उलट वैशाखातल्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा गोळ्यागोळ्यांनी वर उठते, झोत येतात, वावटळी फिरतात. तेव्हा उतरतानाचे शेवटचे 20 मीटर कठीण.

(टॉवरवर, पतंग काढायलासुद्धा, कोणीही चढायचे नाही. तिथे विजेचा आणि शक्तिशाली लहरींचा धोका असतो, शिवाय तो गुन्हा आहे.)

या संक्रांतीला सकाळी 7 आणि दुपारी 2 वाजता गच्चीवर उदबत्ती लावून धुराची दिशा लिहा, त्याच वेळी उंच पतंगाची दिशाही लिहा. दोन्हींत फरक दिसला तर वही विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.

— मुख्याध्यापक