गोगलगाय, वटवाघूळ आणि आपला दगड

आमचं घर देवळाली कॅम्पला. शेजारच्या जुन्या वडावर वटवाघळं लटकतात आणि पावसाळा लागला की कुंपणाच्या भिंतीवर मुठीएवढ्या शंखांच्या गोगलगायी चढतात. मागच्या सुट्टीत हॉस्टेलचे दोघे मित्र आले होते. तिन्हीसांजेला वटवाघळं उडाली तसे दोघांनी दगड उचलले. गोगलगायीला मात्र 'बिचारी' म्हणून वाट करून दिली! माझ्या मते हिशेब नेमका उलटा आहे.

आधी या बिचारीचं बघू. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली, पुढे ती देशभर पसरली. हिच्यात नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येकीला अंडी घालता येतात, तीही एका खेपेला शे-दोनशे. ऊन वाढलं की शंखाचं तोंड पडद्याने बंद करून महिनोन्महिने झोपते (केटीवाल्यांनी मनावर घेऊ नये). शंखाला कॅल्शियम हवं म्हणून भिंतीचा चुनासुद्धा खरवडते. 2022 च्या खरिपात लातूर, बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते असं!

वटवाघूळ मात्र इथलंच. पंख पसरले की सव्वा मीटरच्या आसपास. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, या मोठ्या वटवाघळाकडे सोनार नाही हं. ते कीटक खाणाऱ्या छोट्यांकडे. हे डोळ्यांनी आणि नाकाने फळं शोधतं, रस गिळतं, चोथा थुंकतं आणि वड-उंबराच्या बिया दूरवर टाकतं. फळबागेचं नुकसान करतं हे खरं, तिथे जाळी लावावी. पण मादीला वर्षाला पिल्लू साधारण एकच. म्हणजे एका दगडाची भरपाई व्हायला अख्खं वर्ष! 1972 च्या वन्यजीव कायद्याने फळं खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत टाकलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली.

"आणि निपाह?" मित्राने विचारलंच. 2018 मध्ये केरळात तो आला तेव्हा याच वटवाघळांचं नाव पुढे आलं होतं. म्हणून उष्टं फळ खायचं नाही, खाली पडलेलं वटवाघूळ हाताने उचलायचं नाही. दगड मारायला मात्र ते कारण होत नाही.

गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी पसरायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. हातमोजे हवेतच, कारण मेंदूला सूज आणणारे जंत त्यांच्यात असू शकतात. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून अर्धी बादली भरली. आईने चहा दिला, पण साबणाने दोनदा हात धुवायला लावूनच.